समोरच्याच्या आधी गोल

वस्तादांचं डोकं फिरलं ते समोरच्या सलूनमध्ये टीव्ही लागला त्या दिवशी. टीव्ही कसला, अख्खी भिंतच ती! दुकान परक्याचं असतं तर वस्तादांनी दोन शिव्या हासडून सोडून दिलं असतं. पण ते होतं त्यांच्या जावयाचं. ज्याला कंगवा कसा धरायचा इथपासून शिकवलं, शेजारच्या खुर्चीवर उभं केलं, वर पोटची पोर दिली, तोच बाबा रस्त्याच्या पलीकडे, बरोब्बर नाकासमोर, दाढी-कटिंगचं दुकान थाटून बसला होता. आणि गल्ल्यावर कोण? तीच पोटची पोर.

जावई का गेला, हे वस्तादांना विचारायची सोय नव्हती. विचारलंच तर म्हणायचे, "पाठीत सुरा खुपसला हरामखोरानं!" खरी गोष्ट एवढीच, की जावयानं एकदा म्हटलं होतं, "वस्ताद, खुर्च्या बदलू या. गिऱ्हाइकांच्या पँटी फाटतात." त्यावर वस्तादांनी भरल्या दुकानात त्याला सुनावलं, "माझ्या तुकड्यावर जगणाऱ्यानं मला अक्कल शिकवायची नाही." त्यानं हातातली दाढी पुरी केली, ॲप्रन खुंटीला अडकवला आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी मुलगीही गेली.

बरं, गेला तर गेला. पण त्या टीव्हीनं घात केला. जावयानं इंटरनेटवरून लाइव्ह चॅनेल दाखवणारी कसलीशी सेवा घेतली होती. दर महिन्याला पैसे मोजायचे, की फुटबॉलच्या झाडून सगळ्या मॅच दुकानात हजर. झालं! गिऱ्हाइकं तिकडे वळली. शाळेतल्या मास्तरांसारखा माणूस, ज्यांच्या डोक्यावर औषधालासुद्धा केस नाही, तेही आठवड्यातून दोनदा "जरा कटिंग करून येतो" म्हणून समोर जाऊन बसायला लागले. वस्ताद आपले दारात उभे राहून टॉवेल झटकत. वापरलेला नसला तरी झटकत.

"अहो, मग तुम्हीपण घ्या ना ती सेवा," बायको म्हणाली. दुपारचा डबा घेऊन ती दुकानात आली होती आणि रिकाम्या खुर्चीत बसली होती. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसलेलं वस्तादांना खपत नसे, पण आता उठ तरी कुणासाठी म्हणणार?

"किंमत ऐकलीस तिची?"

"ऐकली. गिऱ्हाइकं गेली त्याची किंमत केलीत का?"

वस्ताद पुटपुटत जेवले. पण बोलणं मनाला लागलं होतं. संध्याकाळी त्यांनी गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. वायरमन म्हणाला, पहिला आठवडा फुकट असतो, बघा आणि ठरवा. त्यानं आपल्या घरचा नवा टीव्ही आणून वस्तादांच्या जुन्या टीव्हीच्या डब्याशेजारी ठेवला. हा जुना डबा छतावरच्या अँटेनावर चाले आणि त्यावर एकच सरकारी चॅनेल दिसे. देशाच्या टीमच्या मॅच मात्र त्याच्यावर फुकट लागत. त्या दिवशी एक होतीच. वायरमननं दोन्ही टीव्हींवर तीच लावली. "नवं-जुनं शेजारी शेजारी बघा वस्ताद, म्हणजे फरक कळेल."

फरक कळला. जुन्या डब्यावर मुंग्या-मुंग्यांतून का होईना, गोल झाला. नव्या टीव्हीवर, एकेक घामाचा थेंब दिसेल अशा चित्रात, बॉल अजून मैदानाच्या मध्यावर लोळत होता.

"हे काय?" वस्ताद म्हणाले.

वायरमन ओशाळला. "ते नेटवरून फिरत फिरत येतं ना, अर्धा मिनिट इकडे-तिकडे होतंच."

"ह्याला लाइव्ह म्हणतात? अरे, शिळं आहे हे! शिळ्याचे एवढे पैसे?" वस्ताद उखडले. "उचल तुझा टीव्ही. नाही परवडत—"

आणि बोलता बोलता थांबले. त्यांची नजर रस्त्यापलीकडे गेली. समोर अख्खं दुकान श्वास रोखून भिंतीकडे बघत होतं. कुणाला काही पत्ता नव्हता. मग एकदम सगळे उठून नाचायला लागले. वस्ताद गालातल्या गालात हसले. जेवणाचा डबा न्यायला आलेल्या बायकोनं ते हसू पाहिलं आणि रिकामा डबा उचलून ती घरी गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, त्या हसण्याचा अर्थ तिला ठाऊक होता.

सेवा घ्यायची नाही, हे पक्कं झालं. त्याऐवजी वस्तादांनी वायरमनकडून एक मोठा स्पीकर आणि माइक घेतला आणि स्पीकर दारात ठेवला, तोंड रस्त्याकडे करून. पुढच्या मॅचला समोरच्या दुकानात बॉल अजून गोलकीपरच्या हातात असताना रस्त्यावर गर्जना झाली, "गोऽऽल! दहा नंबरनं मारला, डाव्या कोपऱ्यात!" समोरच्यांनी एकमेकांकडे बघितलं. अर्ध्या मिनिटानं दहा नंबरनं डाव्या कोपऱ्यात गोल मारला. कुणी टाळीसुद्धा वाजवली नाही.

वस्तादांच्या जिवाला असं काही गार वाटलं म्हणून सांगू! त्या रात्री ते दोन पोळ्या जास्त जेवले.

मग काय, सुटलेच. गोल ओरडायचे, हुकलेला ओरडायचे, लाल कार्डसुद्धा नंबरासकट ओरडायचे. जावयानं काचेचं दार लावून घेतलं. उपयोग शून्य, वर आत उकडायला लागलं. त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला, वस्तादांनी स्पीकरचा वाढवला. शेवटी मुलगी रस्ता ओलांडून आली. निघून गेल्यापासून पहिल्यांदाच ह्या उंबऱ्यात उभी राहिली होती.

"बाबा, आवाज कमी करा. गिऱ्हाइकं कटकट करतात."

"माझं दुकान, माझा टीव्ही. तुझ्या नवऱ्याला सांग, कानात बोळे घाल म्हणावं."

"आम्ही वर्षाचे पैसे एकदम भरलेत, बाबा. ती सेवा परत करता येत नाही."

हे ऐकून वस्तादांना वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. वर्षाचे! म्हणजे वर्षभर जळ आता. पोर थोडा वेळ थांबली, बाप काही तरी बोलेल म्हणून. वस्ताद वस्तरा पट्ट्यावर घासत राहिले. ती गेली.

फायनलच्या दिवशी संध्याकाळी गल्लीत कुत्रंसुद्धा हिंडत नव्हतं. सगळे समोर. पण वस्तादांच्या स्पीकरनं आपलं काम चोख बजावलं. पहिला गोल त्यांनी आधी सांगितला, बरोबरीचाही सांगितला. मग एक माणूस उठला. "च्यायला, तिकडे आधी कळतं तर इथे कशाला बसायचं?" तो आला. त्याच्यामागे दुसरा आला. मास्तर आले, तोंड लपवून का होईना. मॅच पेनल्टीवर गेली तोवर वस्तादांच्या दुकानात मुंगी शिरायला जागा नव्हती. त्या मुंग्या-मुंग्यांच्या डब्यासमोर लोक एकमेकांच्या खांद्यावरून बघत होते आणि वस्ताद माइक धरून दारात उभे होते. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं.

समोर एकच गिऱ्हाईक उरलं होतं, पोस्टमास्तर. पहाटेच्या गाडीनं त्यांना लेकीकडे जायचं होतं, म्हणून मॅच असो नसो, दाढी करून घेत होते. जावयानं काचेचं दार सताड उघडं टाकलं होतं. आता लपवायचं काय होतं? पोस्टमास्तरांची मान मागे टेकलेली, गळ्यावर फेस, नजर तिरकी करून भिंतीकडे. जावयाचा वस्तरा हनुवटीखाली.

शेवटची पेनल्टी. आपला माणूस बॉल ठेवून मागे आला. त्यानं मारला, जाळी हलली, आपण जिंकलो. लोक ओरडलेच, पण वस्तादांनी माइक तोंडाशी नेला आणि समोर पाहिलं.

वस्तरा त्यांना दिसला. गळ्यावरच होता. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा असेल तर दुकानात साधा चमचाही पडू द्यायचा नाही, हे ह्याच वस्तादांनी ह्याच पोराला शिकवलं होतं. एकदा रेडिओ मोठा केला म्हणून त्याच्या थोबाडीतही दिली होती. सगळं आठवलं त्यांना. आणि तरीही ते ओरडले. पोटातली सगळी जळजळ एकवटून, बेंबीच्या देठापासून ओरडले.

पोस्टमास्तर खुर्चीत ताडकन उसळले. जावयाला वस्तरा मागे घ्यायला वेळच नव्हता. त्यानं डावा हात पात्याखाली घातला.

भिंतीवरचा माणूस तेव्हा कुठे बॉल ठेवून मागे येत होता.

वस्तादांच्या मागे नाच चालू होता, तो हळूहळू थांबला. लोक दारात आले. जावई हात पोटाशी दाबून खाली बसला होता आणि टॉवेल लाल होत चालला होता. वायरमन वस्तादांना बाजूला सारून धावला, त्यानं जावयाला स्कूटरवर मागे बसवलं आणि दवाखान्याकडे सुटला. पोस्टमास्तरांच्या जबड्यावर नुसता ओरखडा होता.

मुलगी नवऱ्याबरोबर गेली नाही. स्कूटरवर जागा नव्हती. तिनं पोस्टमास्तरांना दंडाला धरून उठवलं आणि रस्ता ओलांडून घेऊन आली. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या तोंडाला फेस. गर्दीनं वाट दिली.

"गिऱ्हाइकंच हवी होती ना तुम्हाला?" ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "हे तेवढे राहिले होते. घ्या. अर्धी दाढी बाकी आहे, पुरी करा."

वस्तादांच्या हातात माइक तसाच होता. "मी... मला काय ठाऊक, तो वस्तरा—"

"तुम्ही बघत होतात, बाबा. मी गल्ल्यावर होते. मी तुमच्याकडे बघत होते."

ती वळली आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली, आधी भरभर, मग पळत.

सगळे वस्तादांकडे बघत होते. त्यांनी माइक खाली ठेवला. वस्तरा घेतला, धुतला, पट्ट्यावर घासला, खुर्चीवरचा टॉवेल झटकला. हे सगळं त्यांच्या हातांनी आपोआप केलं. "या पोस्टमास्तर," ते म्हणाले, "बसा. दोन मिनिटांत करून देतो."

पोस्टमास्तरांनी खुर्चीकडे पाहिलं. मग वस्तादांच्या हाताकडे पाहिलं. त्यांचा हात नकळत स्वतःच्या गळ्यावर गेला.

"नको," ते म्हणाले. "मी असाच जाईन लेकीकडे."

ते गेले, अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून. आत टीव्हीवर आपली टीम कप घेऊन पळत होती, बघायला कुणी नव्हतं. दुकान अजून गच्च भरलेलं होतं. वस्तादांची नजर एकेकाच्या वाढलेल्या दाढीवरून फिरली.

"बोला," ते म्हणाले. "कोणाचा नंबर?"

मास्तर आधी निघाले. मग बाकीचे.