आवाज येतो, जात नाही

माझ्या टेबलावरचा जुना फोन काढून नेला त्या दिवशी मी वायरबुवाला सरळ विचारलं, "ह्याचं काय बिघडलं होतं?"

"काही नाही."

"मग नेतोस कशाला?"

"वरून ऑर्डर आहे, बाई. आता सगळे फोन इंटरनेटवर."

झालं! वरच्यांनी काहीही डोक्यात घ्यावं आणि निस्तरावं रिसेप्शनवर बसलेल्या बाईने. वायरबुवा हे नाव मीच ठेवलंय त्याला. गळ्यात कायम निळ्या वायरीचं वेटोळं, कानावर पेन्सिल, आणि स्वभाव इतका थंड की आग लागली म्हटलं तर आधी विचारेल, कितव्या मजल्यावर? नवा फोन दिसायला फक्कड होता. काळा, चकचकीत, मोठा पडदा, ढीगभर बटणं. भिंतीत निळी वायर खोचली की वीजसुद्धा त्यातूनच घ्यायचा. बोलण्याच्या नावाने मात्र बोंब.

बोंब अशी, की बाहेर फोन लावला तर समोरच्याचा आवाज आम्हाला खणखणीत यायचा, आमचा त्याला जायचा नाही. मी इकडे बेंबीच्या देठापासून ओरडतेय, आणि तिकडचं गिऱ्हाईक "हॅलो? हॅलो? काय कटकट आहे!" म्हणून ठेवून देतंय. वायरबुवा कपाटातल्या राउटरमध्ये काहीतरी खुडबुड करायचा, दिवसभर फोन नीट चालायचा, रात्री तो राउटर आपोआप बंद-चालू व्हायचा आणि सकाळी ये रे माझ्या मागल्या.

पहिल्याच दिवशी तो म्हणाला होता, "बाई, टेस्टला बाहेरचा एक नंबर द्या. मोबाइल नको, घरचा साधा फोन. आणि कुणीतरी नक्की उचलेल असा."

मी तेव्हा काउंटरवर तीन माणसांना एकदम तोंड देत होते. तोंडात आला तो नंबर सांगून टाकला. आजकाल पाठ असलेला नंबर एकच असतो माणसाला, लहानपणीच्या घरचा. सांगितला आणि विसरले.

त्या घरात आता माझी अक्का राहते, एकटी. आणि आमचं तीन वर्षं बोलणं नव्हतं.

कशावरून? आईच्या शिलाई मशीनवरून! आई गेल्यावर ते मला हवं होतं. अक्का म्हणाली, तुला सुईत दोरा ओवता येत नाही. मी म्हटलं, तुला तरी माणसं कुठे जोडता येतात? शब्दाने शब्द वाढला. शेवटी ती म्हणाली, "पुन्हा तुला आधी फोन केला तर नाव बदलेन." मी म्हटलं, "मी केला तर मी बदलेन." एकीला झाकावी आणि दुसरीला काढावी अशा आम्ही दोघी. नावं काही कुणाची बदलली नाहीत.

मग एके दिवशी मी जरा लवकर ऑफिसला आले. पाहते तर वायरबुवा माझ्या खुर्चीत. रिसीव्हर खांदा आणि कानाच्या मध्ये दाबलेला, हाताने वायर सोलतोय आणि मान डोलावतोय.

"माझ्या खुर्चीत काय करतोस रे?"

"टेस्ट. आवाज येतोय, जात नाही."

"मग ठेव ना! कान लावून काय बसलायस?"

"आजीबाई बोलतायत अजून. मध्येच कसा ठेवू?"

"कोण आजीबाई?"

"तुम्ही दिलेल्या नंबरवरच्या हो. रोज सकाळी लावतो. फार उपयोगी बाई. आपला आवाज जात नाही तरी बोलत राहतात, एक शब्द तुटत नाही. मला वाटलं, तुम्हीच सांगून ठेवलंय, टेस्टसाठी बोलत राहा म्हणून."

"रोज? कधीपासून?"

"फोन बसवला तेव्हापासून," असं म्हणून त्याने स्पीकरचं बटण दाबलं.

"...तर लवंगे, असं आहे सगळं."

माझी पर्स हातातून खाली पडली. लवंगी म्हणजे मी. बुटकी आणि तिखट, म्हणून घरात लवंगी मिरची. ह्या नावाने मला हाक मारणारं जगात एकच माणूस उरलंय. आवाज घोगरा झाला होता, पण अक्काचाच होता.

"रोज फोन करतेस आणि तोंडात मूग धरून बसतेस. बस! तू वाकलीस म्हणून मी बोलतेय, नाहीतर मी? हट्! ते मशीन पुसून ठेवलंय. तेल घातलंय. येऊन घेऊन जा."

मी वाकले? मी? अहो, मी फोन केलाच नव्हता! हा थंड गोळा रोज सकाळी माझ्या नावाने माघार घेत होता आणि मला पत्ताच नव्हता. त्याची गचांडी धरायला मी हात उचलला, तेवढ्यात ती पुढे बोलली.

"काल सांगितलंच तुला, आज दुपारी ऑपरेशन आहे. गाठ नेमकी आवाजाच्या पेटीला चिकटलीय. डॉक्टर म्हणतात, जीव राहील, आवाजाचं सांगता येत नाही. म्हणून म्हटलं, आहे तोवर बोलून घ्यावं. उद्यापासून तू पण मुकी आणि मी पण मुकी, मग ह्या फोनला काय चाटायचंय?"

ऐकू आलेलं डोक्यात शिरेना. काल सांगितलं होतं तिने. सांगितलं होतं, वायरबुवाला!

"तू ऐकलंस हे काल?"

"ऐकलं ना."

"आणि मला बोलला नाहीस?"

"मला वाटलं, तुमच्या घरचं माणूस... तुम्हाला ठाऊकच असणार..." आता कुठे त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. कानावरची पेन्सिल घरंगळली, ती उचलायचंही त्याला भान राहिलं नाही.

मी रिसीव्हर हिसकावला. "अक्का! अगं अक्का, मी बोलतेय!" कसलं काय. ती आपली मांजराने दूध सांडल्याचं सांगत होती. मी मोबाइल काढला, तोच नंबर लावला. एंगेज!

"बाई, त्या इथेच बोलतायत, तिथे लागेल कसा? हा ठेवा, मग लावा."

त्याचं बरोबर होतं. पण माझा हातच ठेवेना. ठेवला, आणि तेवढ्यात ती कुलूप लावून निघाली तर? तिच्याकडे मोबाइल नाही. आज ती निसटली असती तर तिचा आवाज मला पुन्हा कुठे ऐकायला मिळणार होता?

"चल," स्पीकरमधून आवाज आला. "गाडी आली वाटतं. ठेवते."

"काहीतरी कर रे मेल्या!" मी किंचाळले.

"होल्डवर टाकून परत घेतो. कधीकधी तेवढ्याने आवाजाला वाट सापडते. नाहीतर कट होईल."

"टाक!"

त्याने बटण दाबलं. सगळं एकदम शांत झालं. त्याने पुन्हा दाबलं.

"अक्के, ठेवू नकोस गं! फोन ठेवलास तर याद राख!"

पलीकडून हळूच, "कोण?"

"मी."

"मी कोण? मीला नाव नाही का?"

"लवंगी."

तिकडे काहीतरी धाडकन आपटलं. खुर्ची असावी. "अगं बाई! खरंच तू?"

आता चाट पडायची पाळी माझी होती. "म्हणजे? रोज कोण समजून बोलत होतीस?"

"तू नव्हेस, हे पहिल्याच दिवशी कळलं मला. तू असतीस तर एवढा वेळ गप्प बसली असतीस? तू? जन्मात?"

"मग बोलत कशाला होतीस, वेडे?"

"कुणीतरी फोन धरून होतं गं. ठेवत नव्हतं. म्हटलं, तूच आहेस असं समजू. तुझ्याशी भांडायचं राहून गेलं असतं ना."

मला रडू कोसळलं. ऑफिसातले लोक यायला लागले होते, कुणी पाणी आणलं, कुणी विचारलं कोण गेलं. मला कशाची लाज वाटली नाही.

"रडायला फोन केलास होय?"

"मी केलाच नाही!" मी तेवढ्यातही सांगून टाकलं. "ह्या वायरबुवाने केला."

"त्याला सांग, पोरगा चांगला ऐकतो. तुझ्यासारखं मध्ये तोंड घालत नाही."

हॉस्पिटल कुठलं ते तिला विचारलं आणि मी होते तशी निघाले. हॉस्पिटलात पोचले तेव्हा तिला आत नेत होते. मला पाहून म्हणाली, "मशीन ने. पण तेल घालत जा." तिच्या तोंडून ऐकलेलं शेवटचं वाक्य ते. उगाच डोळे पुसू नका, अक्का जिवंत आहे, चांगली ठणठणीत आहे. आवाज तेवढा गेला.

राउटरचं दुखणं वायरबुवाने एकदाचं काढलं. आता रोज सकाळी ऑफिस सुरू व्हायच्या आधी मी टेबलावरून तिला फोन लावते. मी, आधी! ती उचलते आणि मी बोलत सुटते. साहेबांच्या कागाळ्या, सुईत दोरा ओवताना होणारी फजिती, सगळं. ती रिसीव्हरवर नखाने वाजवते. एक टक म्हणजे बरं, दोन म्हणजे गप्प बस. दोनच जास्त वेळा येतात.

ऑपरेशनचं पुढे काय झालं, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. परवा वायरबुवा शिडी घेऊन आला, माझ्या मागे उभा राहिला, जरा वेळ ऐकत राहिला.

"बाई, आता उलटं झालं वाटतं. आपला आवाज जातोय, तिकडचा येत नाही. बघू का सेटिंग?" आणि त्याचा हात निळ्या वायरीकडे गेला.

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं. "फोन चांगला आहे."

त्याने हात मागे घेतला. तिकडून दोनदा टक झालं, मला गप्प बस म्हणून की त्याला, कोण जाणे.