साठची पिन

माझी नणंद कंपाउंड धनुष्य घेऊन स्पर्धांना जाते, हे मी कधी कौतुकानं कुणाला सांगितलं नाही. चाकं लावलेलं ते धूड कुरवाळत बसते, एवढंच नाक मुरडून म्हणायचे. त्या दुपारी मात्र तिच्या सरावाच्या मैदानावर मीच अनवाणी धावत गेले आणि तिला ओढत नदीवर आणलं.

माझा नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपावर मेकॅनिक. नदीतल्या चौथऱ्यावर जाळीतला कचरा काढायला गेला, तेवढ्यात लोंढा आला आणि काठाशी जोडणारा लोखंडी पूल वाहून गेला. आता तो कठड्याला कवटाळून उभा होता, कमरेएवढ्या पाण्यात. बचावाची बोट निघाली आहे, असं फोनवरचा माणूस मघापासून सांगत होता. त्या बोटीच्या नावानं मी मनात बोटं मोडत होते.

"बाणाला बारीक नायलॉनची दोरी बांधते," नणंद म्हणाली. "तिच्या दुसऱ्या टोकाला जाड दोरखंड. दादानं दोरी ओढली की दोरखंड त्याच्यापर्यंत जाईल."

धनुष्याच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरायच्या चौकटीत, एकाखाली एक रंगीत पिना असतात, एकेका अंतरासाठी एकेक; हवी ती पिन नजरेनं निशाणावर धरायची. पूल चाळीस मीटरचा होता, म्हणून तिनं चाळीसची पिन माझ्या नवऱ्याच्या शेजारच्या कठड्यावर धरली. दोरीच्या ओझ्यानं बाण चौथऱ्याच्या अलीकडेच बुडाला. मग तिनं साठची पिन त्याच जागी लावली, म्हणजे बाण अधिक उंचावरून जातो. बाण नीट पलीकडे गेला, पण दोरी त्याच्यापासून हातभर लांब पडली आणि त्यानं हात काढेपर्यंत धारेला लागली. वरच्या अंगानं बाण मारला असता तर धारेनंच दोरी त्याच्याकडे आणली असती, पण तिथं पंपाची भिंत, जायला वाटच नव्हती. दोन्ही दोऱ्या ओंडक्यांत गुंतून तुटल्या.

"आता एकदाच पुरेल," पंपाचा ऑपरेटर उरलेली दोरी ताडपत्रीवर पसरत म्हणाला. पाणी नवऱ्याच्या छातीला टेकलं होतं.

नणंदेनं धनुष्य खाली घेतलं. "वहिनी, दोरी त्याच्या अंगावरच पडायला हवी. पिन दादाच्या खांद्यावर ठेवावी लागेल. साठची. बाण वीतभर वरून जाईल, कानाजवळून."

"आणि नाही गेला तर?"

तिनं उरलेल्या दोरीचं टोक बाणाला बांधलं.

"लाव पिन," मी म्हणाले.

तिनं प्रत्यंचा ओढली. प्रत्यंचेत बसवलेल्या कडीच्या बारीक छिद्रातून ती पिन बघत होती आणि पिनेपलीकडे तिचा भाऊ होता. साइटखालच्या नळीतला बुडबुडा मध्ये असला की धनुष्य सरळ असतं, हे तिनं घरात शंभरदा ऐकवलं होतं.

"बुडबुडा थांबत नाहीये, वहिनी."

"मग थांबव! एवढी वर्षं काय गोट्या खेळलीस?" मला तिला जवळ घ्यायचं होतं आणि मी खेकसले.

ती रडत होती, तरी बुडबुडा मध्ये थांबला.

"सोडू?"

"सोड."

एरवी बाण लागेपर्यंत तिची नजर हलत नाही. या वेळी बाण सुटताच ती गुडघ्यांवर कोसळली आणि तोंड ओंजळीत लपवलं.

मी बघितलं. बाण त्याच्या डाव्या खांद्यात रुतला होता. त्याचं तोंड उघडलं. त्यानं काठावर कोसळलेली बहीण पाहिली आणि ओठ घट्ट मिटले.

"लागला का गं, वहिनी? सांग ना! दादाला लागला का?"

"नाही लागला," मी म्हणाले. "दोरी पोचली. वर बघू नकोस, दोरखंड सोडत राहा."

ती मान खाली घालून, हुंदके देत दोरखंड सोडू लागली. ऑपरेटरनं माझ्याकडे पाहिलं आणि तोही गप्प बसला. पलीकडे नवरा उजव्या हातानं आणि दातांनी दोरी ओढत होता, आणि ओरडत नव्हता.