मरणाआधी दिलेला मेंढा

"माणूस म्हंजी चार दिसाचा राखणदार. कळप देवाचा!"

लोणंदजवळच्या वस्तीवर, बिरोबाच्या देवळापुढं दादासोंनी हे जाहीर केलं, आणि प्रवचन अर्ध्यावर टाकून ते लघवीला गेले. मंडळी ताटकळली. ते लवकर येईनात. मुळात दुखणं तेच होतं.

सांगलीच्या डॉक्टरांनी त्यांच्या प्रोस्टेटचा तुकडा तपासायला घेतला होता. रिपोर्ट यायचा होता, पण दादासोंनी निकाल आधीच लावून टाकला. परत आले आणि जिवापाड जपलेला सरदार नावाचा मेंढा त्यांनी सगळ्यांदेखत धनाजीला देऊन टाकला. धनाजी म्हणजे जन्माचा जोडीदार आणि जन्माचाच वैरी. सरदार कोकरू असल्यापासून धनाजीचा त्याच्यावर डोळा होता.

"काळजी करू नगं गड्या," दावं मनगटाला गुंडाळत धनाजी म्हणाला. "तुझं वय झालं. आमचं बघ, समदं ठणठणीत."

सांगलीत डॉक्टरीणबाईंनी तुकड्याचा फोटो पडद्यावर दाखवला. "कॅन्सर आहे, पण सौम्य. वाईट कॅन्सरमध्ये ह्या ग्रंथींचा आकार मोडतो. एकमेकींत घुसतात, वाट्टेल तिकडं पांगतात. तुमच्या बघा, गोल गोल, आपापल्या जागी."

"रातच्याला जाळीच्या कुंपणात बसवलेल्या मेंढरांगत," दादासो म्हणाले.

"अगदी. वेगळा रंग देऊन आणखी एक खूण तपासली, तीही चांगली आहे. आत्ता कापाकापी नको. अधूनमधून रक्त तपासू, नजर ठेवू."

"म्हंजी मी मरत न्हाई?"

"याच्यानं तरी इतक्यात नाही, असं दिसतंय."

दादासोंचा चेहरा पडला. "आन् माझा मेंढा?"

बाईंनी रिपोर्ट पुन्हा चाळला. मेंढ्याचा उल्लेख नव्हता.

"मरायची लय घाई हुती तुमाला," त्यांची बायको मंगल म्हणाली. "आता मागा जावा, त्वांड वर करून."

रेल्वेत कराडपासून दादासो मागायची वाक्यं जुळवत होते. लोणंद स्टेशनाबाहेर धनाजी सरदारला गुलाल लावून उभा. म्हणे अखेरची भेट! बातमी ऐकून त्यानं दादासोंना मिठी मारली. दाव्याला मात्र मनगटावर आणखी एक वेढा दिला.

"वाचलास गड्या! मी भरून पावलो."

सरदार दादासोंच्या धोतराचा सोगा चघळू लागला. वाक्य घशापर्यंत आलं. पण चार माणसं जमली होती, आणि तोंडून भलतंच निघालं. "मर्दाची जबान! दिलं ते दिलं!"

लोकांनी माना डोलावल्या. मंगलनं कपाळावर हात मारला.

धनाजी मात्र मघापासून ह्या पायावरून त्या पायावर होत होता. शेवटी त्यानं मनगटाचे वेढे सोडले, दावं दादासोंच्या हातात कोंबलं आणि कानाशी लागला.

"जरा धर की रं. मी जाऊन येतो. आलीकडं लय येळ लागतुया."