वाणातली जास्वंद

मंगळवार, २१ फेब्रुवारी १९८४. सकाळी सव्वासातला शिरवण्याची यशोदाबाई भेंडीची पाटी न घेताच वाशीत स्मिताच्या दारात आली. हातात एक पान होतं, मागून कापसासारखं पांढरं.

"बाय, ही कीड कंची हाय? तुज्या जास्वंदीवर होती. आता माज्या भेंडीवर हाय."

स्मिताने पान घेतलं. कापूस चालत होता.

तिचा नवरा दिलीप बोटीवर इंजिनीअर. गेल्या जूनमध्ये त्याने परदेशी बंदरातून पिवळ्या जास्वंदीचं रोप आणलं होतं, मुळाच्या मातीसकट, थर्मासमध्ये लपवून. कस्टमवाल्याला त्याने "चहा" म्हणून सांगितलं. कळलं असतं तर नोकरीच गेली असती. गॅलरीत झाड फोफावलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्याजणी प्लास्टिकचे डबे लुटतात, म्हणून स्मिताने अकरा फांद्या रुजवून अकराजणींना वाण दिलं.

यशोदाबाईने आपलं रोप बांधावर लावलं. तिची बाकी जमीन नव्या शहरात गेली होती. उरली होती ती भेंडीची एवढी पट्टी.

"माझ्या झाडावर नाही हो काही, मावशी," स्मिता म्हणाली. आठ दिवस ती रोज सकाळी तीच कीड साबणाच्या पाण्याने पुसत होती.

"नसंल. तुजं झार फ्लॅटमधलं, शिकलेलं," यशोदाबाई म्हणाली. "काल शेतीखात्याचा मानूस आलता. अशी कीड बगितली नाय म्हनला. बाटलीत भरून पुन्याला धाडली. रोप कुटलं, इचारीत होता."

"काय सांगितलंत?"

"तुजं नाव. वान देनारीचं नाव काय लपवाचं?"

ती गेल्यावर स्मिताने दिलीपचं पत्र पुन्हा काढलं. 'शुक्रवारी पोचतो. या खेपेला लाल जास्वंद. थर्मास मोठा घेतलाय.'

तिने कंपनीच्या कचेरीत फोन केला. बोटीला निरोप द्या, काही आणू नका म्हणावं. कारकून म्हणाला, "काही म्हणजे काय, बाई?" ती म्हणाली, "त्यांना कळेल."

मग ती दारोदार फिरली. गुरुवार संध्याकाळपर्यंत आठ रोपं परत मिळाली. ती आणि गॅलरीतलं झाड तिने गच्चीवर पत्र्याच्या डब्यात जाळलं. दोघींनी रोपं माहेरी दिली होती, एक पनवेलला, एक साताऱ्याला. यशोदाबाईचं बांधावरच होतं.

शुक्रवारी सकाळी नऊला इमारतीखाली सरकारी जीप थांबली. दोन माणसं वॉचमनला घर नंबर विचारत होती. बोट बंदराला लागली होती. निरोप दिलीपला पोचला की नाही, हे कचेरीतही कुणाला ठाऊक नव्हतं.