बाहेरून लावलेली कडी

मित्रांनो, मी दाराची एक जुनी कडी आहे. सध्या परभणीतल्या एका कार्यशाळेत, टेबलाच्या खणात पडून असते. अंगावर गंज चढला आहे आणि एक टोक वाकलं आहे. माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या, की माणसांच्या किती उपयोगी पडलो ते मोठ्या अभिमानानं सांगतात. मीही उपयोगी पडले. इतकी चोख उपयोगी पडले, की त्याचीच मला लाज वाटते.

माझा जन्म राणीसावरगावात झाला. लिंबाजी लोहारानं एका मोडक्या वखराचं लोखंड भट्टीत लाल केलं, ठोकून लांबवलं आणि त्याच्या तुकड्यातून मला घडवलं. मला न्यायला रायभान आला होता. मेंढ्या राखणारा, कमी बोलणारा माणूस. लिंबाजी त्याला म्हणाला, "ने. दार कुजल, पर ही कडी हालायची न्हाई."

रायभाननं मला दाराच्या आतल्या बाजूला ठोकलं. घरात चार माणसं होती. तो, त्याची बायको कासाबाई, मुलगा दत्तराव आणि मोठी मुलगी चतुरा.

चतुरा उशिरा चालली, उशिरा बोलली. शाळेत चार दिवस गेली आणि पाचव्या दिवशी मास्तरांनी तिला घरी पाठवलं. सतरा वर्षांची झाली तरी तिला पाचाच्या पुढं मोजता येत नसे. पण कळपातली कोणती मेंढी लंगडते, कोणत्या कोकराला आई जवळ घेत नाही, हे सगळ्यांच्या आधी तिला कळे. गावातली पोरं तिच्या नावावरून चिडवत. "चतुरे, दोन आन् दोन किती?" पोरं हसतात म्हणून तीही त्यांच्यासोबत हसे.

एकदा दुसऱ्याच कुणाच्या मेंढ्या वाटेनं चालल्या होत्या. चतुरा त्यांच्यामागं गेली आणि चुकली. तिसऱ्या दिवशी ती गंगाखेडच्या रस्त्यावर सापडली. त्या तीन दिवसांत कासाबाईनं अन्नाला हात लावला नव्हता.

"येकट्या पोरीला कुणी काय केलं असतं तर?" ती रायभानला म्हणाली. "आपल्याला तर मेंढ्यांमागं जावंच लागतंय. हिला कुठं ठिवावं?"

 रायभाननं मला आतून उपटलं आणि दाराच्या बाहेरच्या बाजूला ठोकलं. मग चतुराला आत बसवून दोनदा दार ओढून पाहिलं. "लय मजबूत हाय," तो म्हणाला.

मित्रांनो, ती शाबासकी ऐकून मी फुलून गेले होते. हे मला लपवायचं नाही.

दोन वर्षं असंच चाललं. सकाळी मला लावायचं, सांजच्याला काढायचं. मग एक उन्हाळा आला. रायभान आणि दत्तराव कळप घेऊन येलदरी धरणाच्या पाण्याकडं गेले होते. कासाबाईची दाढ सुजली होती, म्हणून ती गंगाखेडच्या डॉक्टरकडं निघाली. तिनं आत एक भाकर आणि पाण्याचा तांब्या ठेवला. "दुपारला येते गं, बाई," असं सांगून तिनं मला लावलं.

ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीचे दिवस होते. गंगाखेडला त्या दिवशी मोर्चा निघाला, बाजार बंद झाला आणि एसटीच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या. मोर्चातल्या बायांनी झाडाखाली बसलेल्या कासाबाईला पाणी दिलं. तिनं ते पुढं कितीदा तरी सांगितलं. "पानी पेले आन् घशातच अडकलं. म्हणलं, माझ्या लेकीचा तांब्या सरला असंल." ती पायी निघाली. अंधार पडला तेव्हा वाटेतल्या एका गावात थांबली.

इकडं चतुराचा तांब्या पहिल्या दुपारीच लवंडला होता. वर पत्रे तापले होते. आधी तिनं दारावर थापा मारल्या. मग ती फटीला तोंड लावून बाहेरच्या वाटेकडं "पानी, पानी" ओरडत राहिली. वाटेनं माणसं जात होती. त्या घरातून आवाज येणं त्यांच्या सवयीचं होतं. शेवटी तिनं फटीतून दोन बोटं बाहेर काढली, मला चाचपलं, पण उचलण्याइतकी ती पोचेनात; मग ती हळूच म्हणाली, "कडे, उघड की गं."

लोखंड आपणहून हलत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी ते शब्द माझ्या अंगावरून अजून गेलेले नाहीत.

दिवस कलताना शेजारची नर्मदाबाई दारापाशी आली. तिनं मला हात लावला, अर्धवट उचललंही. आवाज ऐकून आतली चतुरा एकदम गप्प झाली. नर्मदाबाईनं इकडं तिकडं पाहिलं. "उद्या काही झालं, तर माझ्यावरच यायचं," असं पुटपुटून तिनं मला परत खाली बसवलं आणि ती निघून गेली. मला उघडायला ना किल्ली लागत होती, ना जोर.

दुसऱ्या दिवशी उन्हं डोक्यावर आली तेव्हा कासाबाई पोचली. मला काढताच दाराला टेकलेली चतुरा तिच्या पायांवर कोसळली. तिची नखं तुटली होती, ओठ फाटले होते. कासाबाईनं पदर ओला करून थेंब थेंब पाणी पाजलं, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले.

तुम्हाला वाटेल, त्या दिवसापासून मला कुणी हात लावला नसेल. तसं झालं नाही. आत दोन घागरी भरून ठेवायला लागले, एवढंच. मी लागतच राहिले.

पुढचं वर्ष अपंगांचं वर्ष म्हणून पाळलं गेलं. परभणीच्या एका लहानशा संस्थेच्या सत्यशीलाताई नोंदी करत घरोघर फिरत होत्या. आमच्या अंगणात उभं राहून त्यांनी विचारलं, "घरात कुणी अपंग, मतिमंद आहे का?"

"न्हाई. आमी तिघंच," कासाबाई म्हणाली. ती मला पाठ लावून उभी होती. 

नर्मदाबाई कुंपणापाशी शेण थापत होती. तिचे हात थांबले. "खोटं बोलायलीय ती," ती म्हणाली. "आत लेक हाय. मागल्या उन्हाळ्यात पान्यासाठी वरडत व्हती. मी कडीला हात लावला आन् सोडून दिला. मला झोप लागत न्हाई, ताई."

 सत्यशीलाताई रागावल्या नाहीत. त्या फटीशी वाकल्या आणि विचारलं, "तुझं नाव काय गं?"

"चतुरा," आतून उत्तर आलं.

मग कासाबाईनं मला काढलं. 

त्यानंतर दर गुरुवारी ताई एसटीनं येऊ लागल्या. त्या चतुराला शिकवत आणि तिच्याहून जास्त कासाबाईला. अंगणाच्या तोंडाशी त्यांनी एक दोरी बांधली. दोरीपाशी आलं की थांबायचं, एवढंच पहिले दोन महिने चाललं. नंतर त्यांनी दोरी रस्त्यावरच्या लिंबापर्यंत नेली. मग वाट चुकली तर काय सांगायचं, ते घोकून घेतलं. चार महिन्यांनी चतुरा एका दमात म्हणाली, "मी चतुरा. रायभानची. राणीसावरगाव." ते ऐकून कासाबाई तोंडात पदर कोंबून रडली.

"येवढं म्या तिला शिकवलं असतं तर?" तिनं विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, मावशी," ताई म्हणाल्या.

"ईचारलं बी न्हाई म्या कुणाला."

आमच्या घरासमोरच्या गायरानात सरकारी रोपवाटिका सुरू झाली. तिथले मुकादम आबासाहेब आधी साफ नाही म्हणाले. "येडीला घेतलं तर रोपं मोडून ठिवील." ताईंनी आठ दिवस मागून घेतले. त्यांनी जमिनीवर सुतळी ताणली आणि चतुराला दाखवलं: पिशवीत माती गच्च भरायची, दोनदा आपटायची, सुतळीला लावून ठेवायची. सुतळी संपली की ओळ संपली. मोजायचं काही कारणच राहिलं नाही. नर्मदाबाई तिच्याशेजारी बसून काम करी. आठव्या दिवशी आबासाहेब ओळींवरून चालत गेले आणि म्हणाले, "बाकीच्यांच्या पिशव्या कलंडायल्यात. हिची येक बी न्हाई." चतुरा कामाला लागली. मी दारावर नुसती लोंबत राहिले.

कहाणी इथंच संपली असती, तर मला थोडं हलकं वाटलं असतं.

दत्तरावचं लग्न ठरत होतं. मुलीकडचे घर पाहायला यायचे होते. आदल्या दिवशी तो आईला म्हणाला, "अक्काला आत ठिव. येक दिवसाचं तर काम हाय. तिला बघितलं की सोयरीक मोडतीय."

रायभाननं मान खाली घातली.  सकाळी पाहुणे लांबून येताना दिसले आणि कासाबाईनं स्वतःच्या हातानं मला लावलं. इतक्या वर्षांनी मी पुन्हा जागेवर बसले, आणि पहिल्या दिवसाइतकीच घट्ट बसले. मला स्वतःची किळस आली.

पाहुणे अंगणात घोंगडीवर बसले. चहा झाला. आतून आवाज आला. ओरडणं नव्हतं, थापा नव्हत्या. "आई, उशीर होतोय. मी कामाला जायची. आबासाहेब वाट बघायलेत."

"आत कोन हाय?" पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

दत्तराव घाईनं म्हणाला, "कोणी न्हाई. शेजारची बाई हाय."

कासाबाई उठली. माझ्यापर्यंतची चार पावलं चालायला तिला किती वेळ लागला! तिनं मला काढलं, चतुराचा हात धरला आणि तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "ही माझी लेक. चतुरा. रोपं लावायला जाती. आता म्याच हिला कोंडलं व्हतं."

चतुरानं पाहुण्यांना नमस्कार केला आणि ती गायरानाकडं चालू लागली. पाहुणे थोड्या वेळानं उठले. निरोप आला नाही. दत्तराव तीन महिने आईशी बोलला नाही. पुढं दोन वर्षांनी त्याचं लग्न दुसरीकडं झालं, तेव्हा चतुराला आधीच सगळ्यांसमोर बसवलं होतं.

पाहुणे गेले त्याच दिवशी कासाबाईनं पहारीनं मला दारातून उचकटलं. माझं टोक वाकलं ते तेव्हा. तिनं मला फेकून दिलं नाही, कणगीच्या मागं टाकून दिलं.

आठ वर्षांनी तिनं मला बाहेर काढलं. विद्यापीठाला नवं नाव मिळालं, त्या वर्षाचा उन्हाळा होता. आबासाहेब निवृत्त झाले होते आणि नव्या मुकादमानं चतुराला घरी बसवलं होतं. अशी बाई कामावर ठेवता येत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. सत्यशीलाताईंनी परभणीला आपल्या संस्थेच्या कार्यशाळेत अशा मुलांच्या पालकांना बोलावलं आणि एका अधिकाऱ्यांनाही बोलावलं. कासाबाई मला पिशवीत घालून चतुरासोबत तिथं गेली.

साहेब म्हणाले, "अहो, यांना सांभाळायला घरची माणसं असतातच की."

कासाबाईनं मला टेबलावर ठेवलं. "आमी असं सांभाळलं, साहेब. हिला आत कोंडून. येक दिस आन् येक रात पान्याबिगर ठिवलं म्या हिला. मला लाज वाटतीय, तरी सांगते. काम काढून घेतल्यावर ही कडी परत ठोकायची का? तुमीच सांगा."

 साहेबांनी कागद ओढला आणि तिचं नाव विचारलं. आईच्या आधी चतुरानंच ते सांगितलं.

आणि मग तिची नजर माझ्यावर पडली. तिच्या हातानं भरलेल्या पिशव्यांतली रोपं तोवर सावली देऊ लागली होती. ती चौतीस वर्षांची बाई होती. तरी मला पाहताच तिनं दोन्ही हात मागं घेतले, मुठी आवळल्या आणि ती आईच्या आड झाली. कासाबाईनं ते पाहिलं. तिनं चटकन माझ्यावर पदर टाकला.

निघताना ताई म्हणाल्या, "मावशी, कडी राहिली."

"ऱ्हाऊ द्या. माझ्या घरात ती नको."

पंधरा दिवसांनी या खणात पडल्या पडल्या मी ताईंचा आवाज ऐकला. चतुरा पुन्हा कामावर गेली होती.

मित्रांनो, मला माफी मागायची आहे, पण लोखंडाला हात जोडता येत नाहीत. म्हणून तुम्हालाच विनवते. तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात, भर दिवसा बाहेरून कडी लावलेलं एखादं दार दिसलं आणि आत कुणाची चाहूल लागली, तर ते दुसऱ्याचं घर आहे म्हणून पुढं जाऊ नका. हाक मारा. घरच्यांना दोष देत बसू नका, त्यांच्या जोडीला उभे राहा. आणि दार उघडलं, की थोडं बाजूला सरका. आतल्या माणसाला बाहेर यायला वाट द्या.