पिवळ्या सदऱ्याचा गडी

मी ठोकळा बोलतोय. टीव्हीवर खेळायच्या खेळातला ठोकळा. दिसायला चौकोनी, पांढरा, आणि अंगात एकच काम भरलेलं: माझ्यावर कुणी पडलं की त्याला वर उडवायचं. का उडवायचं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

माझा जन्म कुठल्याशा लांबच्या देशातला. कुणीतरी बारक्या चौकटी भरत बसलं आणि मी झालो. बारसं नाही, घुगऱ्या नाहीत. पुढं आमच्या खेळाचे चार-पाच भाग निघाले. दर भागात झाडं नवी, राक्षस नवे, डोंगर नवे. मी मात्र प्रत्येक भागात तोच. लोक मला बघून म्हणतात, “आला बघ उड्या मारायचा ठोकळा!” मुंबईला गेलेल्याला गावचं माणूस भेटल्यासारखा आनंद होतो त्यांना. मला काही होत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढं ऐकताना तुम्ही म्हणाल की ठोकळ्याला भावना फार.

आमच्या खेळाचा नायक म्हणजे पिवळ्या सदऱ्याचा एक बुटका गडी. तो पळतो, उड्या मारतो, खड्ड्यात पडतो. मी नेहमी खड्ड्यावर असतो. त्यानं माझ्यावर यावं, मी त्याला उडवावं, त्यानं पलीकडं जावं, एवढाच आमचा संबंध.

एका पिवळ्या कॅसेटमध्ये बसून मी सांगलीत आलो. निमिष नावाच्या मुलाच्या घरी. कॅसेट लागली नाही की निमिष ती काढून तिच्यात फुंकर मारायचा आणि परत बसवायचा. माणसांचा या फुंकरीवर फार विश्वास. गड्यानं उडी मारली की निमिष हातातला रिमोटसुद्धा वर उचलायचा. हात वर केल्यानं गडी काय जास्त वर जाणार होता? पण सगळेच उचलतात, मी पाहिलंय. त्याची आई विनोदिनी आतून ओरडायची, “निमिष, टीव्हीला हात लावून बघ, पोळी भाजेल त्यावर!” मग निमिषला नवा खेळ मिळाला आणि आम्ही, म्हणजे मशीन, रिमोट आणि कॅसेट, एका टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानात कपाटावर जाऊन पडलो. धूळ बसली. तिथं किती दिवस गेले ते मला माहीत नाही. बंद असलो की मी नसतोच.

तिथून मला वीरधवलनं उचललं. हा फौजी. सुट्टीवर आलेला, बायकोला सांगलीच्या माहेराहून घेऊन गावी निघालेला. गाव उंब्रजपासून आत, चहूबाजूंनी ऊस. बायको संयोगिता एस. टी.त कॅसेट उलटीपालटी करत म्हणाली, “पोरांचा खेळ आणलाय व्हय मला?”

“मी न्हाई तवा खेळत बस,” तो म्हणाला. “करमंल तुला.”

घरात त्याचे वडील नाथाजी आणि आई अंबूबाई. नाथाजीही फौजेतूनच निवृत्त झालेले. बोलणं कमी, मिशा मोठ्या. संध्याकाळी जेवणं झाली की नवरा-बायको माझ्यासमोर बसायची. संयोगिता त्याच्यापेक्षा चांगली खेळायची आणि तो तिला चिडवायचा, “गप गं, तुझी बोटं भाकरी थापून चालत्यात!” अंबूबाई दारात उभ्या राहून बघायच्या. गड्यानं उडी मारली की त्यांची हनुवटी वर जायची, आणि तो खड्ड्याजवळ आला की त्या डोळे मिटून आत निघून जायच्या. खेळातलं त्यांना काडीचं कळत नव्हतं.

नव्व्याण्णव सालचा मे महिना. दुपारी वीरधवल एकटा खेळत होता. पिवळ्या सदऱ्याचा गडी माझ्यावर आला, मी त्याला उडवला, आणि तेवढ्यात दारात हाक आली. तार होती. सुट्टी रद्द, ताबडतोब हजर व्हा. वीरधवलनं मधलं बारकं बटण दाबलं. खेळ थांबला. गडी हवेत, माझ्या डोक्यावर, हात पसरलेले. खाली खड्डा.

मग घरात नुसती पळापळ. ट्रंक, कपडे, लाडवांचा डबा. संयोगिता मशीन बंद करायला वाकली तसा तो बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, “राहू दे तसंच. येतो.”

आपल्याकडं घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. तो बहुतेक सवयीनं बोलला असेल. पण अंबूबाईंनी ते ऐकलं आणि गाठ मारून ठेवलं.

रात्री नाथाजी म्हणाले, “बंद करा ते डबडं.”

“अजाबात न्हाई,” अंबूबाई म्हणाल्या. “त्यानं थांबवलंय, त्योच चालू करील. राहू दे म्हणून गेलाय त्यो.”

“अगं, मशीन हाय ते.”

“नवरात्रात नऊ दिस दिवा लावते मी. कवा विझू दिलाय का? तसाच ह्यो.”

“आणि लाईट गेली म्हंजे?”

आमच्या गावात लाईट रोज जायची. लाईट गेली की मी गेलो, गडी गेला, सगळं गेलं, हे संयोगितानंच त्यांना सांगितलं. त्या टीव्हीसमोर फतकल मारून बसल्या. नाथाजींनी थोडा वेळ मिशांवरून हात फिरवला, उठले आणि ट्रॅक्टरची बॅटरी काढून घरात घेऊन आले. चालू मशीनची वायर तोडली असती तर खेळच गेला असता. त्यांनी ती मधेच सोलली आणि तिथं बॅटरीच्या वायरी जोडल्या. संयोगिता बॅटरी धरून होती, अंबूबाई डोळे मिटून. चित्र एकदा थरथरलं आणि परत स्थिर झालं. गडी होता तिथंच होता. पुढं लाईट जायची, यायची. नाथाजी न बोलता बॅटरी चार्ज करून आणायचे आणि शेजाऱ्यांना सांगायचे, ट्रॅक्टर बिघडलाय.

मला थांबून राहण्याचं काही वाटलं नाही. ठोकळ्याला काय वाटायचं? पण एक सांगतो. माझ्याकडं येणारा गडी अर्ध्या क्षणात खाली यायचा. आता तो येतच नव्हता. मी खाली, तो वर, आणि मधे बोटभर जागा. उडवायचं काम नाही, पडण्याची भीती नाही. हळूहळू मला वाटायला लागलं की खेळ असाच असतो.

घराचंही तसंच झालं. सकाळी चूल, दुपारी शेत, संध्याकाळी बातम्या. बातम्यांना टीव्हीचं चॅनेल बदलायचे, तेवढा वेळ मला नुसते आवाज यायचे. तोफांचे आवाज, कारगिलची नावं, डोंगरांचे नंबर. मग चॅनेल परत माझ्यावर यायचं आणि काचेपलीकडं तिघांचे चेहरे दिसायचे. कुणी रडत नव्हतं. अंबूबाई पुढं येऊन गडी बघायच्या, “हाय,” म्हणायच्या आणि टीव्ही बंद करून झोपायला जायच्या. मशीन चालूच.

जून गेला. जुलै लागला. वीरधवलची खबर नव्हती. शेजारच्या गावात एक पेटी आली, तिरंग्यात गुंडाळलेली. त्या दिवशी आमच्या घरात भाकरी झाल्या, पण कुणी खाल्ल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी संयोगिता एकटीच होती. तिनं टीव्ही लावला, रिमोट हातात घेतला आणि अंगठा त्या मधल्या बटणावर ठेवला. बराच वेळ ठेवला. अंबूबाई परड्यातून आत आल्या.

“काय करतीस गं?”

“सोडतीय त्याला. मला न्हाई बघवत असं लटकलेलं.”

“हात काढ.”

“आत्याबाई, खेळ हाय ह्यो.”

“मला कळतंय खेळ हाय. हात काढ आधी!”

संयोगिता काहीतरी सांगायला गेली. ओठ हलले, पण शब्द आला नाही. तिनं रिमोट खाली ठेवला. त्यानंतर सासू-सुना कामापुरतं बोलायच्या, “मीठ द्या,” “गाईला पाणी पाजलं का,” एवढंच. नाथाजींनी आपला टॉवेल आणून टीव्हीवर टाकला, म्हणजे कुणालाच काही दिसायला नको.

टॉवेलखाली अंधार होता. त्या अंधारातच मी ऐकलं की डेअरीत फोन आलाय. नाथाजी पळत गेले. परत आल्यावर दारातूनच म्हणाले, “जिता हाय.” आणि मग, थोड्या वेळानं, “पायाला बर्फ चावलाय. बोटं काढली.” अंबूबाईंनी विचारलं, किती? नाथाजी म्हणाले, “जिता हाय म्हणून सांगतोय न्हवं!”

गणपती गेल्यावर तो आला. तेव्हा मी टॉवेलखालीच होतो, हे मागाहून ऐकलेलं. उंबऱ्यावर अंबूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, त्याच्या पायावर पाणी घातलं आणि पायाकडं न बघता आत गेल्या. संयोगितानं त्याच्या काखेतली कुबडी घेऊन भिंतीला लावली. सगळी गर्दी होती, चहा झाले, माणसं गेली. मग अंबूबाई लगबगीनं माझ्याकडं आल्या. टॉवेल ओढला, टीव्ही लावला.

“बघ धवल! पडू दिला न्हाई आमी. तू थांबवलास तिथंच हाय.”

तो खाटेवर बसला होता. बराच वेळ बघत राहिला. त्याला आठवतच नव्हतं. ते मला कळलं, संयोगितालाही कळलं. अंबूबाईंना कळलं की नाही, देव जाणे.

“पाय दुखतोय का रं?” त्यांनी विचारलं.

“न्हाई. तिथं काय कळतच न्हाई.”

“मग खेळ की.”

त्यानं आईच्या तोंडाकडं बघितलं आणि रिमोट घेतला. बटण दाबलं.

गडी खाली आला. एवढ्या महिन्यांनी कुणीतरी माझ्यावर पाय टेकला. मी उडवला त्याला, माझं काम मला बरोबर येतं. पण वीरधवलच्या हाताचा अंगठा तिथल्या बर्फानं आखडला होता, वेळेवर दाबला गेला नाही. गडी माझ्या कडेला लागला आणि घसरला. त्या वेळी मला भीती वाटली. मी वाकू शकत नाही, सरकू शकत नाही, हात नाहीत मला. गडी सरळ खड्ड्यात गेला.

अंबूबाई किंचाळल्या. पदर तोंडात धरला.

आणि पडद्याच्या डाव्या टोकाला पिवळा सदरा परत उभा राहिला.

“ह्यो... ह्यो तर परत आला!”

“येतोय त्यो,” संयोगिता म्हणाली. “पडला तरी येतोय. तीन जीव असत्यात त्याला.”

“तुला ठाऊक हुतं?”

“व्हय.”

“मग बोलली का न्हाईस गं? मी जीव मुठीत धरून...”

“काय बोलू?” संयोगिताचा आवाज पहिल्यांदाच चढला. “त्याला परत यायची सोय हाय. ह्यांना न्हवती. त्या दिशी सांगणार हुते तुमाला, तोंडातून फुटलंच न्हाई.”

खेळातलं वाजणं तेवढं चालू होतं. वीरधवल पडद्याकडंच बघत होता.

“सिद्धू माझ्या म्होरं पडला,” तो म्हणाला. “माझ्या तुकडीतला. हातभर अंतरावर. मी बघत बसलो, आत्ता उठंल, आत्ता उठंल म्हणून.”

चेहऱ्यावर काही नव्हतं. नाथाजी दारात उभे होते ते आत आले आणि मुलाला चिकटून खाटेवर बसले. त्यांना मी कधी कुणाजवळ बसलेलं पाहिलं नव्हतं.

“एकाहत्तरला माझा दोस्त गेला,” ते म्हणाले. “मी रडलो न्हाई. सगळी म्हणाली, नाथाजी लय घट्ट. अजून मला झोप न्हाई, हिला इचार. तू रड गड्या.”

तेव्हा तो रडला. मोठ्यानं, लहान पोरासारखा, आईच्या पदरात तोंड खुपसून. संयोगितानं त्याचा बँडेज बांधलेला पाय आपल्या मांडीवर घेतला आणि चोळत बसली, जिथं त्याला काही कळत नव्हतं तिथंच. पडद्यावर पिवळ्या सदऱ्याचा गडी डाव्या टोकाला उभा होता. त्याला कुणी पळवत नव्हतं.

“बंद कर गं आता,” अंबूबाई सुनेला म्हणाल्या. “लय तापलं असंल ते.”

संयोगितानं बटण बंद केलं.

आता वर्ष संपत आलंय. बॅटरी ट्रॅक्टरमध्ये परत गेली. वीरधवल कुबडी सोडून काठीवर आलाय, पण रात्री दचकून उठतो, मग बापलेक ओट्यावर बसून असतात, असं ऐकतो. कधी संध्याकाळी मला लावतात. अंबूबाईसुद्धा रिमोट धरायला शिकल्या आहेत आणि पहिल्याच खड्ड्यात पडतात. पडल्या की आधी लेकाकडं बघतात, मग हसतात.

मला काही वाटत नाही, असं मी सुरुवातीला म्हणालो. ते खरंच आहे, बहुतेक. पण तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा ठोकळा असेल, तर एवढं ऐका माझं. खेळा, पडा, हरा, नाहीतर सरळ बंद करून झोपा. पण कुणाला हवेत धरून ठेवून दाराकडं बघत बसू नका. खालून मला ते सगळं बघावं लागतं, आणि मला हात नाहीत.