खोलीत कोण होतं?

"आधी विचारायचं, पोरी, खोलीत कोण होतं. मगच लिहायचं."

संपादक ॲक्रॉइडसाहेबांनी पाइप टेबलावर ठोकत हे सांगितलं त्याला बत्तीस वर्षं झाली. साहेब गेले, पाइपचा वास गेला, पण तो आवाज नोरीनच्या कानात तसाच राहिला.

यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या त्या गावातल्या साप्ताहिकात निधनवार्ता तीच लिहायची. माणसं यायची, ओला कोटही न काढता म्हणायची, "'पास्ड अवे पीसफुली' असं लिहा." शांतपणे गेले. समुद्रावरच्या वाऱ्यात शाल हवी, तसा तो शब्द सगळ्यांना हवा असायचा. नोरीन विचारायची, "खोलीत कोण होतं?" कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल तर 'शांतपणे'. नाहीतर नुसतं 'घरी', नाहीतर 'इस्पितळात'. तिच्या हातचा तो शब्द खरा, हे गावाला ठाऊक होतं.

आज समोर धाकटी बहीण ॲव्हरिल होती आणि कागदावर आईचं नाव. आई गेली त्या दुपारी नोरीन अंक छपाईला पाठवून इस्पितळात पोचली, तोवर सगळं आटपलं होतं. मग शवपेटी, फुलं, पाद्रीबाबा, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा. चार दिवसांत हाडं शिणली होती तिची.

"लिही ना, शांतपणे."

"खोलीत कोण होतं?"

"अगं बाई! मलाही? राजा गेला तर राणीलाही साक्षीला उभं करशील तू!"

"करीन."

ॲव्हरिल बिनसाखरेचा चहा ढवळत बसली. नोरीनला वाटलं, लिहून टाकावं, घरी जावं, झोपावं. पहिलं अक्षर उमटलंही. तिथेच पेन थांबलं.

"मला तो शब्द हवाय गं," ती म्हणाली. "आजवर इथे आलेल्या कुणाहीपेक्षा जास्त. म्हणून विचारते."

चमचा थांबला.

"मी बाहेर होते," ॲव्हरिल म्हणाली. "दाराबाहेर. ती तुला हाका मारत होती, नोरीन. नोरीन कुठाय, नोरीन कुठाय. मी हात धरून बसलेली, आणि माझं नाव एकदाही नाही. मला ऐकवेना. मी उठले, दार ओढून घेतलं. परत उघडलं, तेव्हा ती गप्प झाली होती."